पंच्यावरची पाच बोटं

१

"म्याडम, आता आनि काय पुरावा पायजे तुमास्नी?"

गणपतरावांनी काठीच्या टोकाला अडकवलेला पंचा माझ्या तोंडासमोर नाचवला. पिवळट, मळकट, टेम्पोवाल्याच्या खांद्यावर असावा तसा पंचा, आणि त्यावर बोटांसारखे लाल डाग. मागं काजू कंपनीच्या अंगणात अख्खं गाव लोटलेलं. मधोमध टेम्पो, आणि टेम्पोच्या चाकाला टेकवून बसवलेला एक पोरगा. ओठ फुटलेला, बोटाला चिंधी बांधलेली, शर्टाची बाही फाडून काढलेली. त्याचं नाव सोहेल. काजूची टरफलं भरून गडहिंग्लजला पोचवायचं काम तो करायचा.

"ह्याच्याच गाडीत घावला, पोत्यांच्या मधी," गणपतराव म्हणाले. "हे रक्त बघा. पोरीनं बोट चावलं असणार ह्याचं."

"पहिली ती काठी खाली घ्या," मी म्हटलं, "आणि पंचा हवालदारांकडं द्या. मिरवणूक लावलीय काय?"

मी क्रांती. चंदगड तालुक्यातल्या एका ठाण्यात फौजदार. मूळची कागलची. डोकं लवकर तापतं, असं माझी आईही म्हणते आणि माझे साहेबही.

आदल्या दिवशी दुपारी याच कंपनीच्या टरफलांच्या खोलीत एका मुलीवर अत्याचार झाला होता. तिचं खरं नाव मी सांगणार नाही. कायदा सांगू देत नाही, आणि दिलं असतं तरी सांगितलं नसतं. आपण तिला स्वप्नाली म्हणू. ती आणि तिची आई विठाबाई, दोघी इथंच काजू फोडायला बसतात. कंपनी गणपतरावांची. काल सकाळी त्यांच्या मुलाला, राजवीरला, हळद लागली, म्हणून कंपनीला सुट्टी होती आणि गाव मांडवात जेवायला बसलेलं. स्वप्नाली राहिलेली काजूची पाटी पुरी करायला एकटीच परत आली. मागून कुणीतरी तिच्या तोंडावर कापड टाकलं. माणूस तिला दिसलाच नाही. कापड मात्र हेच. तिच्या कानातल्याचा आकडा त्या पंच्याच्या दशांत, काठच्या सुट्या धाग्यांत, अजून अडकलेला होता.

पंचा वर धरला तेव्हा गडी माणसांनी एकच गिल्ला केला, "रक्त! रक्त!" बायका भिंतीकडेला उभ्या होत्या. त्यांनी पंचा बघितला आणि चिडीचूप झाल्या. एकीनं तर पदर तोंडात कोंबला. मला वाटलं, घाबरल्या असतील.

तेवढ्यात भिंतीकडच्या गर्दीतून आवाज आला.

"सोहेल न्हवता!"

स्वप्नाली पुढं आली होती. डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत. "त्यानं मला धरलंतं तवा भाईर सोहेलचा हॉर्न वाजत हुता. एक माणूस दोन ठिकानी कसा असंल?"

कुणीतरी खिदळलं, "बघा, अजून त्येचीच बाजू घेती! परवा त्येच्याच गाडीतनं आलती न्हवं?"

अंगण हसलं. आणि विठाबाई पोरीच्या दंडाला धरून माझ्यासमोर आली, हात जोडले आणि म्हणाली, "म्याडम, आमची तक्रार न्हाय. काय झालंच न्हाय असं लिवा."

२

विठाबाईच्या घरात आम्ही तिघीच बसलो. बाहेर हवालदाराला उभं केलं, कारण दर दोन मिनिटांनी कुणी ना कुणी डोकावत होतं.

"उद्या दुपारी लग्न हाय मालकांच्या घरात," विठाबाई म्हणाली. "सांजच्या आत मिटवा म्हनत्यात. त्या पोराला तुमी न्या, हिला मी बेळगावला मावशीकडं धाडते. मालक म्हनले, हिचं लगीन करून द्यायची जबाबदारी माझी. आनि काय करू मी? हिला शंभरदा सांगितलं, एकटी जाऊ नको. तिथं कशाला गेलतीस गं, बये? कशाला गेलतीस?"

"बघा, आई बी तेच," स्वप्नाली म्हणाली. "काल दुपारपासनं जो येतोय त्यो हेच इचारतोय. कुठं गेलतीस, कशाला गेलतीस, वढनी हुती का. तुमचा हवालदार बी हेच इचारून गेला. तुमी बी इचारा."

हवालदाराचं नंतर बघते, असं मी मनात म्हटलं. आणि बघितलंही.

"मी नाही विचारणार," मी म्हणाले. "तू कामावर गेली होतीस, तुझ्या कामाच्या जागी. त्यात विचारण्यासारखं काय आहे? मला त्याचं सांग. तू काय बघितलंस, काय ऐकलंस, हाताला काय लागलं?"

ती बोलायला लागली.

पाटी संपली होती. हात धुवायला उठली, तेवढ्यात मागून पंचा पडला. वास कसला? धुराचा आणि काजूचा, त्या खोलीत दुसरा वास कळतच नाही. माणूस एक शब्द बोलला नाही. तिनं दोन्ही हातांनी पंचा ओढला. मग अंदाजानं त्याचं मनगट सापडलं, ते धरून ठेवलं. मग हॉर्न वाजला, वाजतच राहिला, फाटक करकरलं, आणि तो मागच्या दारानं पळाला.

"हात धुतले नव्हतेस?"

"न्हाय की. राखंचं हात तसंच." तिनं तळवे पुढं केले. काजू फोडणाऱ्या बायकांचे असतात तसे, काळे पडलेले. टरफलातला चीक भाजतो म्हणून या बायका हाताला तेल आणि चुलीतली राख चोळून बसतात. तरी वर्षानुवर्षं चीक शिरतोच. "आमचं हात मुरल्यात. नवीन मानसाला चीक लागला तर दुसऱ्या दिशी फोड येतोय, कातडं काळं पडतंय."

मग तिनं आवाज खाली घेतला. "म्याडम, लोकं म्हनत्यात वरडली का न्हाईस. तोंडात पंचा हुता. पर मी लई झटले, खरंच."

"ऐक," मी म्हणाले. "तू नुसती दगडासारखी उभी राहिली असतीस ना, तरी गुन्हा त्याचाच होता. झटलीस म्हणून तू खरी आणि नाहीतर खोटी, असं नसतं."

विठाबाईनं पदरानं डोळे पुसले. तक्रार नको असं ती परत म्हणाली नाही. पण सांज व्हायला फार वेळ नव्हता, आणि माझ्या हातात नुसती एका पोरीची साक्ष होती, जी गावाला ऐकायचीच नव्हती.

३

ठाण्याच्या पायरीवर सोहेलची आई सुगरा बसली होती. ती रडत नव्हती. "साहेब," ती म्हणाली, "ह्याच गावात माझं लगीन झालं, ह्याच गावात माझी सासू गेली. सकाळधरनं आमच्या दारावर दगड पडाय लागल्यात. पोरगा दोषी असंल तर मीच म्हनते, टाका आत. पर नसंल तर? आमी कुठं जायाचं?"

सोहेलला पाणी दिलं आणि विचारलं.

"दुपारी टरफलं भरायला गेलतो. फाटक बंद. हॉर्न मारून मारून हात दुखला. मग ज्ञानूमामानं उघडलं. दोघांनी अंगणातली पोती भरली, ताडपत्री आवळली, थेट गडहिंग्लज. गोदाम बंद हुतं, मुक्काम मामाकडं. सकाळी तिकडनं फोन आला, माल आता नको. मग तसाच परत. हितं ताडपत्री सोडली आनि पंचा निगाला. अल्ला शप्पथ, पंचा माझा न्हवं."

"हळदीला गेला होतास?"

"कुठलं? गाडीवर हुतो की मी."

"आणि बोट?"

"ताडपत्रीच्या तारंनं कापलं."

ज्ञानू म्हणजे कंपनीचा बॉयलरवाला. पन्नाशीचा, तोंडात सदानकदा तंबाखू. तो बॉयलरशेजारीच सापडला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "हॉर्न? न्हाय बा. बॉयलर चालू असला की कायबी ऐकू येत न्हाय मला."

"व्हय काय? आणि सुट्टीच्या दिवशी बॉयलर कुणासाठी पेटवला होतास? नवरदेवाच्या आंघोळीला?"

त्यानं तंबाखू थुंकली आणि मटकन खाली बसला.

"म्याडम, मी फाटक उघडलं. सोहेल शिटावरच हुता, हॉर्नवर हात. पोती भरली तवा टरफलांच्या खोलीचं मागलं दार उगडं दिसलं, पर आत मी बघितलं न्हाय. देवाशपथ. मागल्या दारानं जो कोन निगाला त्यो टेम्पोच्या मागनंच गेला असनार."

"मग जाताजाता त्यानं पंचा मागून टेम्पोत टाकला, आणि त्यावर तुम्ही पोती रचली. सकाळी हे का नाही बोललास? पोराला मारत होते तुझ्यासमोर."

"मालकांच्या म्होरं? माझी भाकरी हाय म्याडम. आनि खरं सांगू का, पोरीनं बी जरा..."

"पुढचं गिळ," मी म्हणाले. त्यानं गिळलं.

म्हणजे सोहेल सुटला, निदान माझ्यापुरता. ज्ञानू आणि सोहेल एकमेकांसमोर फाटकावर होते. बाकी गाव मांडवात, पंगतीत, एकमेकांच्या मांडीला मांडी लावून. मग खोलीत होता कोण?

४

गणपतरावांच्या दारात मांडव, माडीवर स्पीकर. गणपतराव मला बघून हसले. चहा मागवला.

"म्याडम, पोरीबाळींनी जरा सांभाळून ऱ्हायाला पायजे. मी कुनाला दोष देत न्हाय. पर आता बघा, घरात कार्य. शाहूवाडीचं पावणं उद्या सकाळी येनार, वर्षारानी म्हनून पोरगी हाय, शिकलेली. त्यांच्या कानावर नको तसलं काय. सांजच्या आत तेवढं मिटवा."

"मुलगा कुठं आहे?"

"आत. हळद लागल्याली हाय. हळद लागल्यावर नवरदेव उंबरा वलांडत न्हाय, तुमाला ठावच असंल."

ठाऊक होतंच. आमच्या कागललाही तेच. अंगाला हळद, हातात कट्यार, आणि अक्षता पडेपर्यंत घराबाहेर पाऊल नाही, बाहेरचं काही बाधेल म्हणून. मी आत डोकावले. राजवीर पाटावर बसून मोबाईल बघत होता. अंगावरची हळद वाळलेली, पण उजव्या हाताला कोपरापर्यंत ओली हळद थापलेली.

"परत लावली?" मी आक्कांना विचारलं. आक्का म्हणजे राजवीरची आई. ती हळदीची वाटी घेऊन त्याच्याजवळच उभी होती.

"त्येनंच मागितली. आग हुतीय म्हनला हाताची." एवढं बोलून ती गप्प झाली, जास्त बोलल्यासारखी.

"हळद कधी कधी लावली, आक्का?"

"सकाळी नवरदेवाला. गाव खेळलं ते सांजला, दिवे लागल्यावर." ती मोरीकडं वळली. "मी हात धुती, मग तुमाला पानी देती."

मोरीपाशी तिनं साबणाची वडी घेतली, पिवळ्या हातांवर फिरवली. फेस आला. आणि तो फेस लाल झाला. बोटांच्या बेचक्यातून लाल पाणी मोरीच्या फरशीवर ओघळलं.

मी बघत राहिले. आक्कानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. तिच्या हातातून साबण निसटला.

सकाळी भिंतीकडेला पदर तोंडात कोंबणारी बाई कोण होती, ते मला तेव्हा आठवलं.

५

गावाला मी मांडवातच बोलावलं. विठाबाई आणि सुगरा एका बाजूला, शेजारी स्वप्नाली. तिनं यायचंच असा हट्ट धरला होता. राजवीरला पाटासकट बाहेर आणवला. मांडव घराचाच, म्हणून उंबऱ्याची अडचण कुणी काढली नाही.

"सकाळी सगळ्यांनी रक्त बघितलं," मी म्हणाले. "आता मी दाखवते ते बघा."

खिशातला पांढरा रुमाल काढला. आक्कांच्या वाटीतली हळद त्याला पुसट चोळली. पिवळट, मळकट दिसायला लागला. मग कंपनीतून आणलेला राखेचा डबा उघडला, हात ओला केला, राखेत घातला आणि रुमाल मुठीत गच्च आवळला. उघडला तेव्हा त्यावर पाच बोटं उमटली होती. लाल.

गड्यांच्यात कुजबुज झाली. बायकांच्यात नाही.

"रक्त दिवसभरात काळपट पडतं. हे लालच राहिलंय, कारण हे रक्त नाही. हळदीला राख लागली की ती अशी होते, साबण लागला तरी होते. सकाळच्या पंच्यावरची बोटंही अशीच, राखेच्या हातांची आहेत. या पोरीची. तपासणीवाले त्यांचं काम करतीलच. पण मला एक सांगा, इथल्या एका तरी बाईला हे ठाऊक नव्हतं?"

तानाबाई नावाची म्हातारी उठली. "समद्यास्नी ठाव हुतं, म्याडम. हळदीचं कापड धुताना लाल हुतंय, हे सासरी आल्या आल्या कळतंय की. गड्यांनी कवा धुतल्यात कापडं?"

"मग सकाळी का नाही बोललीस?"

"आमाला कोन इचारतंय?" ती फणकारली. मग तिची नजर स्वप्नालीकडं गेली आणि ती खाली बसली. "चुकलंच आमचं," ती पुटपुटली.

"असंल हळद!" गणपतराव गरजले. "गावात काल समद्यांच्या अंगाला हळद हुती!"

"संध्याकाळी. पंचा दुपारीच टेम्पोत गेला, ताडपत्रीखाली, आणि टेम्पो गडहिंग्लजला. त्याच्याआधी गावात हळद फक्त एकाच अंगाला होती."

ज्ञानू मागून एकदम म्हणाला, "ताडपत्री मीच आवळलीया. सोहेल माझ्यासमोर हुता, खोलीत न्हवता."

"पाच सवाष्णींच्या हाताला बी हळद हुती!" गणपतराव म्हणाले.

"हाताला. पंचा खांद्यावर कुणाच्या टाकतात हळद लावताना? आक्का, नवरदेवाचा तो पंचा धुवायला आला का तुमच्याकडं?"

आक्का वळून माठाकडं चालू लागली.

"माझं पोरगं उंबरा वलांडून गेलंच न्हाय!" गणपतरावांच्या मानेच्या शिरा फुगल्या. "हळद लागल्याला नवरदेव भाईर जात न्हाय, लहान पोराला बी ठाव हाय!"

"जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गेला की नाही, हे कुणी बघितलं? सगळे पंगतीत होतात. पोरीला विचारायला गाव रांग लावून उभं राहिलं. याला एकानं तरी विचारलं?"

राजवीर उठायला लागला. हवालदारानं त्याला खाली बसवलं.

"उजवा हात धुवून दाखव," मी म्हणाले. "हिनं ज्याचं मनगट धरलं त्याला चीक लागलाय. दुसऱ्या दिवशी फोड येतो. आणि हा पोरगा जन्मात काजू फोडायला बसलेला नाही."

"नवरदेवाच्या अंगाला कोन हात लावतंय तेच बघतो!" गणपतराव आडवे झाले. त्यांचे चार भाऊबंद त्यांच्या बाजूला येऊन उभे राहिले. मी कमरेवर हात ठेवला. माझ्याबरोबर दोनच माणसं होती, आणि सांज उतरत होती.

तेवढ्यात तांब्याचा आवाज झाला. आक्कानं माठाजवळचा तांब्या भरून घेतला होता. ती नवऱ्याच्या बाजूनं सरळ पुढं आली.

"सरा," ती म्हणाली.

"खुळी झालीस काय?" गणपतराव खेकसले.

"सरा म्हनलं न्हवं."

ती राजवीरसमोर बसली. त्याचा हात धरला. त्यानं ओढून घेतला, तिनं परत धरला. वरून पाणी ओतलं आणि अंगठ्यानं चोळत गेली, लहानपणी शाळेतून आल्यावर धुतला असेल तसा. पिवळं पाणी शेणानं सारवलेल्या जमिनीत मुरलं. मनगटावर काळे पडलेले फोड होते. चार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला.

स्वप्नालीनं स्वतःच्या हाताकडं बघितलं. विठाबाईनं तिला जवळ घेतलं आणि मोठ्यानं रडायला लागली. सुगरानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आई," राजवीर घोगऱ्या आवाजात म्हणाला, "चेष्टा करायला गेलतो गं नुसती. तीच एकटी तिथं कशाला आलती?"

गणपतराव खाली बसले. "पोराचं आयुष्य गेलं," ते म्हणाले. "तू सोताच्या पोराचं आयुष्य घालवलंस."

आक्कानं त्यांच्याकडं बघितलंही नाही. तिच्या हातात अजून पोराचं मनगट होतं.

"सकाळी पंचा बघितला तवाच मला कळलं," ती म्हणाली. "मी गप बसले. त्या सुगराच्या पोराला मारत हुते तरी गप बसले." ती पोराकडं वळली. "ती कुठं गेलती, ते कालधरनं समदं गाव इचारतंय. तू कुठं गेलतास रं?"

राजवीरनं मान खाली घातली.

आक्कानं त्याची हनुवटी धरून वर केली आणि तेच परत विचारलं, या वेळी अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं.

"कुठं गेलतास?"